बहार, ताण आणि पाळी : फळबागांच्या परिभाषेतील पाण्याचा हिशेब

१. प्रस्ताव

फळबागांना लागणाऱ्या पाण्याचा विचार सामान्यतः कृषिशास्त्रज्ञ, भूजलशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ करीत असतात. भाषेच्या अभ्यासकाचा या विषयाशी काय संबंध, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान थोडक्यात असे करता येईल : कोणत्याही व्यवसायाची परिभाषा ही त्या व्यवसायाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निरीक्षणांची नोंदवही असते. ज्या भेदांवर पिकाचे यशापयश अवलंबून असते त्यांना स्वतंत्र नावे मिळतात. ज्यांच्याशी नित्याचा व्यवहार येत नाही ते भेद निनावी राहतात. म्हणून कोणत्या गोष्टींना नावे आहेत आणि कोणत्यांना नाहीत, हे पाहिले असता त्या व्यवसायाचे ज्ञान कोठे पक्के आहे आणि कोठे अपुरे आहे, याचा बराचसा अंदाज येतो.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील फळबागांची, त्यातही प्रामुख्याने विदर्भातील संत्र्याच्या बागांची पाण्यासंबंधीची परिभाषा या दृष्टीने तपासली आहे. तुलनेसाठी मोसंबी व डाळिंब यांचा उल्लेख केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, झाड आणि जमीन यांच्या स्थितीविषयी या परिभाषेत विलक्षण सूक्ष्मता आहे, वाहत्या पाण्याच्या वाटणीविषयीही पुरेशी शब्दसंपत्ती आहे. परंतु ज्या भूगर्भातील पाण्यावर आज बहुतेक बागा उभ्या आहेत, त्या पाण्याच्या सामाईकपणाविषयी ती जवळजवळ मुकी आहे. ही उणीव केवळ शब्दांची नाही. तिचे परिणाम वाळलेल्या बागांच्या रूपाने आपल्यासमोर आहेत.

२. बागायत, जिरायत आणि ओलीत

‘बागायत’ हा शब्द फारसीतील ‘बाग’ या शब्दाच्या अनेकवचनी रूपापासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘बागा’ एवढाच आहे. ‘जिरायत’ हा अरबी ‘जिराअत’ म्हणजे शेती या शब्दापासून आलेला आहे. मूळ भाषांत हे दोन शब्द परस्परविरोधी नाहीत. मराठीत मात्र त्यांची जोडी जमली आणि तिला एक नवा निकष प्राप्त झाला, तो म्हणजे पाण्याचा. ज्या जमिनीस विहिरीचे वा पाटाचे पाणी आहे ती बागायत, जी केवळ पावसावर अवलंबून आहे ती जिरायत. गहू असो वा ऊस, पाणी मिळाले की जमीन ‘बागायत’ झाली. तीत बाग असण्याची आवश्यकता उरली नाही. विदर्भात याच अर्थी ‘ओलीत’ आणि ‘कोरडवाहू’ ही जोडी रूढ आहे. ती देशी घडणीची असून तिच्यात पाण्याचा निकष उघडपणे शब्दातच आलेला आहे.

जुन्या महसुली लेखनात बागायतीचे आणखी दोन भेद आढळतात : ‘मोटस्थळ’ आणि ‘पाटस्थळ’. मोटेने विहिरीतून उपसलेल्या पाण्यावर भिजणारी जमीन ती मोटस्थळ. ओढ्यानाल्यास बंधारा घालून पाटाने आणलेल्या पाण्यावर भिजणारी ती पाटस्थळ. सारा ठरविणाऱ्यास पाणी आहे की नाही एवढे समजून भागत नसे. ते कोठून येते आणि ते काढण्यास किती कष्ट पडतात, हेही त्याला हवे होते. आजच्या सात-बाराच्या उताऱ्यातही जलसिंचनाच्या साधनासाठी रकाना आहे. परंतु बोलण्यात मात्र बागायत ही एकजिनसी झाली आहे. दहा एकर बागायत म्हटल्याने ती कोणत्या पाण्यावर उभी आहे आणि ते पाणी दरवर्षी भरून येते किंवा नाही, याचा बोध होत नाही.

३. बहार आणि ताण

फळबागांच्या परिभाषेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘बहार’ हा होय. फारसीत त्याचा अर्थ वसंत ऋतू. मराठी बागायतदाराने त्याला झाडाच्या फुलोऱ्याचा आणि त्यापासून येणाऱ्या पिकाचा अर्थ दिला, आणि पुढे त्याचे तीन प्रकार केले. जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर येण्याच्या सुमारास येतो तो आंबे बहार. संत्र्याच्या बागांत त्यालाच ‘आंबिया’ म्हणतात. सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून, पावसाबरोबर फुटतो तो मृग बहार. सप्टेंबरच्या अखेरीस लागणाऱ्या हस्त नक्षत्राच्या सुमारास येतो तो हस्त बहार. एक नाव दुसऱ्या झाडाच्या मोहोरावरून आणि दोन नावे पावसाच्या नक्षत्रांवरून पडली आहेत. ही नामकरणाची पद्धत अर्थपूर्ण आहे. कारण प्रत्येक नावात त्या बहाराचे पाणी कोठून यायचे, याचे सूचन आहे.

या प्रदेशातील हवामानात लिंबूवर्गीय झाडे व डाळिंब वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलू शकतात. सर्व बहार घेतले तर झाड लवकर थकते आणि कोणतेच फळ चांगले पोसत नाही. म्हणून बागायतदार एक बहार ‘धरतो’ आणि बाकीचे सोडून देतो. बहार धरण्याचा उपाय म्हणजे ‘ताण देणे’. पाणी तोडून झाडाची वाढ थांबवावयाची. या काळात झाडात अन्नाचा साठा होतो. पाने फिकी पडून काही गळू लागली की ताण ‘बसला’ असे समजावयाचे. मग खत व पाणी देऊन ताण ‘तोडावयाचा’, म्हणजे बहार ‘फुटतो’. हलक्या जमिनीत साधारण महिनाभराचा ताण पुरतो, तर भारी काळ्या जमिनीत ओल अधिक काळ टिकत असल्यामुळे दीड ते दोन महिने लागतात. धरणे, बसणे, तोडणे, फुटणे, सोडणे ही पाच साधी क्रियापदे आहेत. परंतु त्यांच्या योगाने झाडाच्या शरीरव्यापाराचे एक संपूर्ण वर्णन सिद्ध झाले आहे. पाणी न देणे ही येथे उणीव नसून मशागतीचे एक अंग आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आता पाण्याच्या हिशेबाकडे वळू. आंबिया बहाराचे फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी धरते आणि ऑक्टोबरपासून पुढे तोडणीस येते. म्हणजे मार्चपासून पाऊस पडेपर्यंतचा सर्व काळ झाडावर फळ असते आणि विहिरी खोल गेलेल्या असतानाच त्याला नियमित पाणी द्यावे लागते. मृग बहारात याच्या उलट स्थिती असते. उन्हाळ्याच्या अखेरीस झाड ताणावर असते, फुलोरा पावसावर येतो, आणि फळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिवाळ्यात पोसते. कडक उन्हाळ्यातील पाणी त्यामुळे वाचते. परंतु मृगाचा पाऊस लांबला, अथवा मे महिन्यात अवकाळी सरी पडून ताण अवेळी तुटला, तर बहारच हातचा जातो. डाळिंबातही पाण्याची टंचाई असलेल्या भागात मृग बहार सोयीचा मानतात. मात्र पावसाळी दमट हवेत तेल्या रोगाचे भय अधिक असते. तात्पर्य, बहाराची निवड केवळ पाण्यावर होत नाही. बाजारभाव, रोगराई, जमीन आणि मजुरांची उपलब्धता या सर्वांचा तीत विचार असतो. तथापि पूर्वी या निवडीला विहिरीच्या पाण्याची एक ठाम मर्यादा होती. खोल बोअर झाल्यानंतर ती मर्यादा दिसेनाशी झाली.

४. वाफसा आणि आळे

झाडाप्रमाणेच जमिनीच्या स्थितीविषयीही ही परिभाषा अतिशय काटेकोर आहे. पाणी दिल्यावर वा पाऊस पडून गेल्यावर जमीन न चिखल, न कोरडी अशा अवस्थेस येते, तिच्या कणांत ओल आणि हवा दोन्ही असतात, त्या अवस्थेस ‘वाफसा’ म्हणतात. एका शब्दात सांगितलेली ही गोष्ट शास्त्रीय भाषेत सांगावयास एक-दोन वाक्ये खर्ची पडतात. याच्या उलट, पाणी साचून राहणारी, मुळांना हवा न देणारी जमीन ‘चिबड’ ठरते. लागणीनंतर थोड्या दिवसांनी देतात त्या हलक्या पाण्याला ‘आंबवणी’ असे वेगळे नाव आहे. पाणी किती दिले यापेक्षा ते कोणत्या अवस्थेत, कोणत्या वेळी दिले, याला या शब्दांत महत्त्व आहे.

‘आळे’ या शब्दाचा इतिहासही बोधप्रद आहे. झाडाच्या बुंध्याभोवती केलेले खोलगट वर्तुळ म्हणजे आळे. संत्र्याच्या बागांत बुंध्यास पाणी लागून राहिल्याने साल कुजते व डिंक वाहू लागतो. त्या रोगास बागायतदार ‘डिंक्या’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणून बुंध्यालगत मातीचा चढ करून त्याच्या बाहेर दुसरे वर्तुळ काढण्याची आणि या दोहोंच्या मधल्या जागेतच पाणी देण्याची दुहेरी आळ्यांची पद्धत प्रसारात आली. अन्न शोषणारी बारीक मुळे बुंध्याजवळ नसून झाडाच्या विस्ताराच्या कडेला असतात, हे तत्त्व तीत आहे. अधिक पाणी म्हणजे अधिक पोषण, ही समजूत चुकीची आहे हे बागेच्या अनुभवानेच शिकविले, आणि जपून पाणी देणे हे झाडाच्या आरोग्याचेही साधन ठरले.

५. पाळी

येथपर्यंत एका शेतातील पाण्याचा विचार झाला. एकाहून अधिक शेतांचा प्रश्न आला की दुसरा शब्दसमूह पुढे येतो. त्याच्या मध्यभागी ‘पाळी’ हा शब्द आहे. पाळी म्हणजे क्रमाने येणारा वाटा. कालव्याच्या पाण्याच्या वाटपास महाराष्ट्रात ‘शेजपाळी’ म्हणतात. यातील ‘शेज’ हा अंश ‘शेजार’, ‘शेजारी’ या शब्दांतही आहे. शेजारच्या शेताचे भिजून झाले की पुढच्याचे, असा क्रम त्यात अभिप्रेत असून चारीच्या शेवटच्या टोकापासून वाटपास आरंभ करावा असा नियम आहे. कारण वरच्याने आधी घेतले तर खालच्यास काही उरत नाही. नियमाचे पालन सर्वत्र होते असे नाही. परंतु नियम आहे, त्याला नाव आहे, आणि तो मोडला तर ‘माझी पाळी चुकविली’ असे म्हणून भांडता येते.

खानदेशात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत चालत आलेली ‘फड’ पद्धत याचेच अधिक विकसित रूप होय. बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, आणि पाणी सोडण्यासाठी गावाने नेमलेले पाटकरी अशी ती व्यवस्था होती. पीक कोणते घ्यावे हे तेथे एकट्या शेतकऱ्याच्या मर्जीवर नव्हते. ते पाण्याच्या साठ्यावरून सर्वांनी मिळून ठरवावयाचे होते.

विहिरीच्या बाबतीतही वाटणीची भाषा आहे, पण ती एका विहिरीपुरती. ‘सामाईक विहीर’ आणि तीतील भावाभावांच्या पाळ्या गावोगाव परिचित आहेत. एका विहिरीतील पाणी आपण दिवसांनी आणि तासांनी वाटू शकतो. परंतु माझ्या विहिरीतील आणि शेजाऱ्याच्या विहिरीतील पाणी जमिनीखाली एकच आहे, ही गोष्ट सांगणारा रूढ शब्द बागायतदाराच्या बोलीत नाही. झरा, पाझर, जिवंत पाणी हे शब्द पाणी विहिरीत कसे आले ते सांगतात. ते आणखी कोणाचे आहे हे सांगत नाहीत. कायद्याची भूमिकाही दीर्घकाळ हीच राहिली. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमिनीच्या मालकास तिच्याखालचे पाणी काढण्याचा अधिकार मान्य केलेला आहे.

६. खडकातील पाणी

मोटेच्या काळात या उणिवेने फारसे बिघडले नाही. बैलांची ताकद, नाड्याची लांबी आणि विहिरीची खोली यांनी उपशावर आपोआप बंधन घातले होते. पाणी तळाशी गेले की मोट थांबे आणि झरे भरून येईपर्यंत वाट पाहावी लागे. प्रथम इंजिन, मग विजेचा पंप आणि नंतर बोअर आले, आणि हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटले.

महाराष्ट्राच्या भूभागाचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक वाळूसारखा सच्छिद्र नाही. पाणी राहते ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. म्हणून साठा थोडा, आणि तो मुख्यत्वे दरवर्षीच्या पावसाने भरणारा. खोल बोअर घेतल्याने नवे पाणी निर्माण होत नाही. पुष्कळदा वरच्या थरातील, म्हणजे शेजारच्या विहिरींचेच पाणी खाली ओढले जाते, अथवा दीर्घकाळात साचलेला आणि सहजी न भरणारा साठा संपविला जातो. अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुका हा संत्र्याचा प्रमुख प्रदेश असून भूजलाच्या शासकीय मूल्यांकनांत तो अनेकदा ‘अतिशोषित’ या वर्गात नोंदला गेला आहे.

‘अतिशोषित’ या संज्ञेकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित आणि अतिशोषित अशी ही वर्गवारी आहे. वर्षभरात जितके पाणी मुरते त्याहून अधिक उपसले जाते, तेव्हा क्षेत्र अतिशोषित ठरते. शब्दरचना निर्दोष आहे. परंतु हे कर्मणी धातुसाधित असल्यामुळे त्यातून कर्ता नाहीसा झाला आहे. तालुका अतिशोषित आहे. शोषण कोणी केले, हे शब्द सांगत नाही. गावातील प्रत्येक बागायतदार तो ऐकतो आणि आपल्याखेरीज इतर सर्वांना तो लागू करतो.

याचा परिणाम दुष्काळात दिसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि त्या वेळचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर, या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. हंगामी पीक बुडाले तर एका वर्षाचे नुकसान होते. मोसंबी-संत्र्याचे झाड लावल्यापासून चांगले उत्पन्न देऊ लागेपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. बाग वाळली की कुटुंबाची मागची पाच वर्षे आणि पुढची पाच वर्षे एकदम जातात.

७. शब्द तेच, वस्तू वेगळी

पाणी वाचविण्याच्या उपायांतही शब्दांकडे लक्ष ठेवणे आवश्यक आहे. ‘ठिबक’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. थेंब पडण्याच्या आवाजावरून झालेल्या ‘ठिबकणे’ या क्रियापदापासून तो घेतला आहे; म्हणूनच तो शेतकऱ्यांच्या तोंडी सहज बसला. पाटापेक्षा ठिबकने प्रत्येक झाडास कमी पाणी लागते, यात संशय नाही. परंतु वाचलेल्या पाण्याचे पुढे काय होते? ते भूगर्भात राहिले तर ती बचत. त्यावर आणखी दोन एकर बाग लावली तर एकूण उपसा तेवढाच राहतो. शिवाय पाटातून झिरपणाऱ्या पाण्याचा काही भाग पूर्वी जमिनीत मुरून विहिरींना परत मिळत असे. तो आता मिळत नाही. म्हणून झाडामागील बचत आणि गावामागील बचत या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपण दोहोंना एकच शब्द वापरतो.

‘शेततळे’ या शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. तळे म्हणजे पावसाचे पाणी साठविण्याची जागा, हा अर्थ मराठी मनात रुजलेला आहे. उतारावरून वाहून जाणारे पाणी अडवावे, हाच शेततळ्याचा मूळ हेतू. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली तेव्हाही तोच अर्थ पुढे होता. परंतु फळबागांच्या काही भागांत तळाशी प्लास्टिकचे अस्तर घालून पावसाळ्यात व त्यानंतर विहिरीचे वा बोअरचे पाणी उपसून त्यात भरून ठेवण्याची प्रथा पडली. आपले पाणी आधी वर काढून ठेवले नाही तर शेजारी ते उपसून नेईल, ही भीती त्यामागे आहे. अशा तळ्यात पाणी मुरत नाही. ते उन्हात उडून मात्र जाते. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तळ्यातून दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर रोज ७,२०० लिटर पाणी नाहीसे होते. उन्हाळ्यात एका झाडास दिवसाला १०० लिटर पाणी धरल्यास हे ७२ झाडांचे पाणी झाले. सहा मीटर अंतरावर लावलेल्या संत्र्याच्या बागेत हेक्टरी २७७ झाडे बसतात, हे ध्यानी घेता या घटीचे प्रमाण स्पष्ट होईल. पाणी साठवणारे तळे आणि पाणी उपसून ठेवणारी टाकी यांना एकच नाव मिळाल्यामुळे, दोन्ही सारखीच पुण्यकर्मे वाटू लागली आहेत.

८. ताळेबंद : नवी परिभाषा

ही उणीव भरून निघणे अशक्य नाही, हे दाखविणारी उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून सुरू केलेल्या ‘पाणी पंचायत’ चळवळीने पाणी जमिनीच्या नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात वाटावे, भूमिहीनांसही त्यात वाटा असावा आणि त्यावर उसासारखे पीक घेऊ नये, असे नियम केले. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पडलेला पाऊस मोजून दरवर्षी गावाच्या पाण्याचा ‘ताळेबंद’ मांडण्याची प्रथा पडली. पिकांसाठी बोअर घ्यावयाचे नाहीत आणि पिके साठा पाहून ठरवावयाची, हे गावाने मान्य केले.

या दोन्ही संज्ञा परिचित शब्दांतून घडल्या आहेत. पंचायत हा न्यायनिवाड्याचा शब्द, ताळेबंद हा हिशेबनीसाचा. दोहोंतही कर्ता लपत नाही. ताळेबंद म्हटला की जमा आली, खर्च आला आणि तो खर्च कोणी केला, हा प्रश्नही आला. याउलट ‘महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९’ हा २०१४ पासून अमलात आला असून त्यात अधिसूचित क्षेत्रांसाठी पाणलोट क्षेत्र समित्या, भूजल वापराची योजना आणि पीक योजना यांची तरतूद आहे. परंतु त्याची भाषा अद्याप कचेरीची आहे. बागेत उभा असलेला माणूस ‘भूजल वापर योजना’ असे म्हणत नाही. ‘यंदा कोणता बहार धरायचा?’ असे तो विचारतो.

९. समारोप

म्हणून या दोन भाषांचा सांधा जुळविणे हे तातडीचे कार्य आहे, असे म्हणावेसे वाटते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, गावातील विहिरींची पातळी मोजता येते. आंबियाचा ताण द्यावयाचा की नाही, हा निर्णय त्यानंतरच घ्यावयाचा असतो. या दोन घटनांच्या दरम्यान गावाने एकत्र बसून तीन गोष्टी ठरविल्या पाहिजेत : साठा किती आहे, त्यावर किती झाडांचा आंबिया निभेल, आणि बाकीची झाडे मृगावर ठेवावयाची की बहार न धरता केवळ जगवावयाची. ‘जगविणे’ हाही बागायतदाराचाच शब्द आहे. टंचाईच्या वर्षी फळाचा लोभ सोडून आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करून थोड्या पाण्यावर झाड राखणे, ही पराभवाची नव्हे तर शहाणपणाची गोष्ट आहे, असे त्या शब्दात सुचविलेले आहे.

नवा शब्द घडविल्याने विहिरीस पाणी येत नाही, याची जाणीव प्रस्तुत लेखकास आहे. शेजपाळीच्या नियमामागेही कालव्यावरील अधिकाऱ्याची सत्ता होती आणि फडामागे गावाचा धाक होता. परंतु ज्या वस्तूस नाव नाही तिच्याविषयी नियम करता येत नाही आणि नियमभंगाची तक्रारही करता येत नाही. जमिनीवरील पाण्यासाठी ‘पाळी’ हा शब्द आपल्या पूर्वजांनी घडविला. जमिनीखालील पाण्यालाही पाळी असू शकते, ही कल्पना आपल्या बोलण्यात आणि व्यवहारात रुजली, तर वरूड-मोर्शीच्या संत्र्याला आणि जालन्याच्या मोसंबीला तिचा आधार मिळेल. या शब्दांचे प्रदेशवार संकलन करून ते पाण्याच्या नियोजनात वापरता येतील काय, हे पाहणे कृषी आणि भाषा या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांनी मिळून हाती घ्यावयाचे काम आहे.